आत्याची निवड आणि बिनकाकडाची शेवळं

लोणावळ्याच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. इतकी वर्षं शिकवलं, की घाट चढून आलेल्या मालगाड्या आमच्या खिडकीखालून जाताना धुरासोबत स्पेलिंगही सोडत जायच्या. खोटं वाटत असेल तर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. तेही खोटंच सांगतील, पण माझ्याकडूनच शिकलेलं.

या सगळ्या नोकरीत एकाच शब्दाशी माझं घरचं नातं जुळलं. इनडिस्क्रिमिनेट. हा शब्द कर्जतहून निघालेल्या मालगाडीसारखा. लांबलचक, आणि मागून दुसरं इंजिन लावल्याशिवाय वर चढायचा नाही. ‘इनडिस्क्रि’पर्यंत सगळा वर्ग पोचायचा, मग निम्मी पोरं घाटात उभी राहायची आणि मला मागून ढकलत न्यावी लागायची.

मला तो शब्द दिला आमच्या हेडमास्तरांनी. मी नुकताच लागलो होतो. मधल्या सुट्टीत शेंगदाण्याची पुडी रिकामी करून तिचा कागद वाचत बसलो होतो. वाचायची मला भूकच तशी. जाहिरात, पंचांग, पुडीचा कागद, कशालाच नाही म्हटलं नाही. हेडमास्तर मागून आले, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, “मास्तर, तुमचं वाचन इनडिस्क्रिमिनेट आहे.”

एवढा लांब शब्द म्हणजे स्तुतीच असणार. मी हात जोडून म्हटलं, “आपली कृपा.”

हेडमास्तर पुण्याचे. हसले नाहीत. समोर बसले आणि मला अर्थ सांगितला, तो मी पुढे जन्मभर वर्गात सांगत आलो. ते म्हणाले, “याला सरसकट म्हणून सोडून देऊ नका. सरसकट म्हणजे सगळ्यांना सारखं. पाऊस सरसकट पडतो, त्यात त्याचा दोष काही नाही. हा शब्द कुठं लावायचा? जिथं निवडायला हवं होतं, आणि माणसानं निवडलं नाही, तिथं. बरं-वाईट न बघता हाताला येईल ते घेणं. वाचनाला लागतो, मैत्रीला लागतो, झाडं तोडण्याला लागतो, मारण्याला लागतो. आणि लक्षात ठेवा, या शब्दाच्या पोटात ठपका असतो. कौतुकात वापरायचा नाही.”

“कधीच नाही?”

“कधीच नाही.”

मी मान डोलावली, पण माझ्या डोळ्यांपुढे माझी आत्या उभी राहिली होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. दिली होती बेडशाला, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी. तिनं आयुष्यात कधी काही निवडलं नाही. तांदूळ निवडणं तिला ठाऊक नव्हतं. पोत्यातून परातीत, परातीतून पातेल्यात. आमच्या घरी भात खाऊन दात इतके पक्के झालेले, की आतोबा सुपारी अडकित्त्याशिवाय फोडायचे. कोंबड्या उबवायला बसल्या की अंडी कोणाची हे ती बघायची नाही. एकदा खुडूक कोंबडीखालून मोराचं पिल्लू निघालं आणि ते दोन पावसाळे आमच्या कोंबड्यांवर दादागिरी करत हिंडलं. बाजारात भाजीवालीनं टोपली पुढं केली की ही डोळे भलतीकडे, हात टोपलीत. किडकं वांगं आलं तर म्हणायची, “किड्यानं चाखून बघितलंय, म्हंजे ग्वाड आसंल.” दारात आला तो पाहुणा. गोसावी आला, भाकरी. तलाठी आला, भाकरी. एकदा चोर आला. त्यालाही आधी भाकरी, आणि मग ओरडा केला. चोर म्हणे पळता पळता थांबून “कालवण झ्याक हुतं मावशी” म्हणून गेला.

पण मला ती मिळाली कशी, ते ऐका, म्हणजे मी त्या शब्दाशी का भांडतो ते कळेल.

मानमोडीच्या तापाच्या साथीत माझे आईवडील एका आठवड्यात गेले. मळवलीजवळच्या आमच्या घराच्या अंगणात भाऊबंद जमले. पोराला कोणी न्यायचं, यावर बोलणं चाललं. सगळी शहाणी, निवडून घेणारी माणसं. एकानं माझा दंड चाचपला. दुसरा म्हणाला, “किडकिडीत हाय. नांगरामागं टिकायचं न्हाई.” तिसऱ्यानं खोकून बघायला सांगितलं. मी खोकलो, तर सगळे चार पावलं मागं सरले. तेवढ्यात आत्या पोचली. कोण काय बोलतंय ते तिनं ऐकलंच नाही. डोळे पुसत घरात शिरली आणि हाताला लागलं ते घेऊन बाहेर पडली. काखेत पितळी घागर, एका हातात दोरी आणि दोरीला लंगडं वासरू, दुसऱ्या हातात मी. बरोबर एक कोंबडीही आली. ती आमची नव्हती, शेजाऱ्यांची होती.

पुढे मी मोठा झालो तेव्हा तिला विचारलं, “आत्या, मलाच का आणलंस?”

“हाताला लागलास,” ती म्हणाली.

तर आता लग्नाचं सांगतो. मी मास्तर झालो, लोणावळ्यात खोली घेतली, आणि माझ्या लग्नाचं बोलणं निघालं. मुलगी नवलाख उंबरे गावची, शेतकऱ्याची. पद्धतीप्रमाणे आतोबांबरोबर मी मुलगी बघायला गेलो. मुलीनं पोहे आणले. मी मास्तरकीच्या तोऱ्यात विचारलं, “वाचता येतं का?”

तिनं मान वर न करता उत्तर दिलं, “येतं. तुम्हाला पोहे खाता येतात का? सांडताय.”

मी खाली बघितलं. धोतरावर पोह्यांची पेरणी झाली होती. तिथंच माझं ठरलं. हीच, नाहीतर कोणीच नाही. परतताना बैलगाडीत मी इतका उड्या मारत होतो, की बैलांना वाटलं चाक निखळलं.

घरी आल्यावर आत्याला म्हटलं, “तू येतेस का एकदा पोरगी बघायला?”

“कशाला? पोरगीच हाय न्हवं?”

“पोरगीच आहे.”

“मग आन.”

ही झाली आमच्या बाजूची निवड. तिकडच्या बाजूला होता मुलीचा मामा. त्याच्याइतका चोखंदळ माणूस मावळात झाला नाही. तळेगावच्या बाजारात तो सकाळी बैल बघायला लागायचा. दात बघ, खूर बघ, शेपटी उचलून बघ. संध्याकाळपर्यंत विकणाराच कंटाळून बैल होऊन जायचा. आंबा नाकाला लावून इतका हुंगायचा की आंब्याचा वास संपायचा. भाचीसाठी आलेली स्थळं त्यानं अशीच हुंगून परत केली होती. एकाचं घर उताराला, एकाच्या गाईचं शिंग वाकडं, एकाचा बाप शिंकताना डोळे मिटत नव्हता. मुलीचा बाप गरीब स्वभावाचा. मेहुण्याच्या शब्दाबाहेर जायचा नाही. मामा हो म्हणाला तर लग्न, मामा नाही म्हणाला तर नाही.

आणि दिवसही अंगावर आलेले. ज्येष्ठ चालू होता. आषाढी एकादशी लागली की मुहूर्त बंद, मग तुळशीच्या लग्नापर्यंत थांबा. मामाच्या मनात तोवर दुसरं स्थळ होतं, बागायतवालं. म्हणजे माझं जे व्हायचं ते आताच व्हायचं होतं.

ठरल्याप्रमाणे मुलीकडचे घर बघायला बेडशाला आले. मुलीचा बाप, मामा, आणि चार भावकीतले. रिवाज असा, की आधी घर-गोठा बघायचा, मग जेवण, आणि जेवण झालं की गावातल्या वडीलधाऱ्यानं, आमच्याकडे आबांनी, सर्वांदेखत विचारायचं. हरकत नसेल तर तिथंच सुपारी फोडायची. एकदा सुपारी फुटली की फुटली. मावळात मोडलेला नांगर जोडतात, फुटलेली सुपारी नाही.

मामा अंगणात पाऊल टाकल्यापासून सुरू झाला. “ह्यो वासा किडल्याला हाय.” “ही म्हस डोळ्यानं लबाड दिसती.” कणगीत हात घालून भाताचे चार दाणे काढले, नखानं सोलले, दाताखाली धरले, थुंकले. माझ्याकडे वळून म्हणाला, “मास्तर, तुमी पेरता काय?”

“शब्द पेरतो,” मी म्हणालो. मला वाटलं, छान बोललो.

“आन् उगवतं काय?”

“परीक्षा.”

“म्हंजे खडूची शेती. पाऊस आला की धुऊन जायची.”

मग त्यानं मुलीच्या बापाला गोठ्याआड नेलं. गोठ्याला नुसती कुडाची भिंत, तिच्या अलीकडे मी. मामाचं कुजबुजणं म्हणजे दवंडीच. “दाजी, जेवून घिऊ. अन्नाला नाव ठिवू न्हाई. हात धुतला की मी आबांम्होरं तोंडावर सांगतो. न्हाई म्हंजे न्हाई. तुमी फकस्त गप बसा.”

“आवं, पण पोरीला…”

“पोरीला काय कळतंय?”

आत जाऊन आत्याला सांगितलं, “आत्या, मामा नाही म्हणणार आहे. जेवण झालं की.”

आत्या चुलीपुढं. तिनं मान हलवली. “म्हनंना का. आधी जेवू तर दे. सोमवार हाय म्हून कोंबडी कापता यीना, न्हाईतर… जाऊ दे. शेवळं केल्यात.”

शेवळं ज्यांनी खाल्ली नाहीत त्यांचा जन्म वाया. वळवाचे दोन हात पडले की डोंगरउतारावर जमिनीतून जांभळट कोंब वर येतात. ती रानभाजी कोंबडीच्या तोंडात मारेल अशी चव देते. पण एक अट आहे. तिला खाज असते, आणि ती खाज मारायला काकडाची हिरवी आंबट फळं वाटून घालावी लागतात. काकड चुकलं तर घसा गेला. मावळातल्या पाळण्यातल्या पोराला हे माहीत असतं. आत्यालाही होतं. ती पहाटे डोंगरात गेली, दिसतील ते कोंब उपटून ओटी भरली आणि येताना दिसली ती हिरवी गोल फळं तोडून आणली. फळं हिरवी होती. फळं गोल होती. फळं उंबराची होती.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं.

पंगत बसली. आंबेमोहराचा भात, तांदळाची भाकरी, आणि शेवळांचं दाट कालवण. सगळे पुरुष पानावर, मीही. न जेवलेली माणसं दोनच. एक आत्या, कारण बायका मागून बसणार. आणि दुसरे गावचे थोरले आबा, ज्यांनी जेवणानंतर विचारायचं होतं. त्यांचा सोमवारचा उपास. ते खांबाला टेकून रताळं सोलत होते.

मामानं पहिला घास घेतला आणि त्याचा चेहरा उजळला. “आगं बया! शेवळं! कवा खाल्ली हुती मी!” मग तो चोखंदळ माणूस भातातले खडे बाजूला सारून शेवळांवर तुटून पडला. आत्यानं वाढलं की “बास, बास” म्हणायचा आणि पान पुढं सरकवायचा. सगळ्यांत जास्त त्यानंच खाल्लं.

आणि मग खाज आली. आधी घशाच्या तळाशी एक मुंगी. मग मुंग्यांचं वारूळ. मग वाटलं, कोणीतरी घशात गोणपाट घालून घासतंय. मी मुलीच्या बापाकडे बघितलं, तो माझ्याकडे. भावकीतला एक जण जीभ भाकरीवर घासत होता. पंगतीत असा आवाज उठला, खर्र, खर्र, की बाहेरची म्हैस दावं तोडायला लागली. घशातून शब्द म्हणून निघेना. तोंड उघडलं की जीभ बाहेर आणि आवाज आत.

आबांना यातलं काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. त्यांनी रताळं संपवलं, हात धोतराला पुसला आणि पद्धतीप्रमाणे विचारलं, “तर मंडळी, घर बघितलंसा, जेवलासा. ही सोयरीक समद्यांस्नी मान्य हाय न्हवं? कुनाची हरकत आसंल तर आत्ताच बोला.”

कोणी बोलेना. बोलणार कसं?

मामा उठला. त्यानं बोट वर केलं, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं. “ख्ख्…” त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. एक हात गळ्यावर, दुसरा दाराकडे, ताकाच्या गाडग्याकडे.

“बघा,” आबा गहिवरून म्हणाले, “मामाचं मन भरून आलं. भाचीवर जीवच तसा. ऊर दाटलाय. बसा, मामा, बसा. पोरीची जात, कवातरी धाडायचीच.”

मामानं जोरजोरात मान हलवली. आडवी हलवली की उभी, यावर आमच्या दोन्ही घरांत आजही एकमत नाही. खाज आली की माणसाची मान सगळीकडेच हलते.

“दुसऱ्यांदा इचारतो. हरकत?”

मामानं खांबावर मूठ आपटली.

“मामांनी खांबाला हात लावून शब्द दिला,” आबा म्हणाले. “आन् पोरीचा बाप?”

मुलीच्या बापानं माझ्याकडे बघितलं. त्याचेही डोळे वाहत होते. मग त्यानं मान हलवली, हळू, वरून खाली. एकदाच. ती खाजेनं हलली नव्हती, हे मी तेव्हा बघितलं आणि अजून विसरलेलो नाही.

आबांनी अडकित्ता मागितला. सुपारी फुटली. टक्!

तोवर आत्याला उमगलं होतं. “आगं बाई, काकड!” म्हणत ती ताक, चिंच, गूळ, जे हाताला लागेल ते घेऊन धावली, आणि तेही न निवडता कोणाच्याही तोंडात. मला चिंच हवी होती, गूळ मिळाला. एका पाहुण्याला तिनं घाईत तुपाचा गोळा दिला. मामानं ताकाचं गाडगंच तोंडाला लावलं. बऱ्याच वेळानं त्याच्या घशातून माणसाचा आवाज फुटला. पहिला प्रश्न त्यानं केला, “सुपारी फोडली?”

“फोडली की,” आबा म्हणाले.

माझं काळीज पुन्हा गोठ्याच्या कुडाशी जाऊन उभं राहिलं. मामाला अजून सगळं उधळता आलं असतं. त्यानं फुटलेल्या सुपारीकडे बघितलं, मुलीच्या बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे, नखशिखांत, बैलाकडे बघावं तसं. मोठा उसासा टाकला. चोखंदळ होता, पण शब्दाचा मावळा होता.

“मग आनखी ताक आना,” तो म्हणाला.

आषाढी लागायच्या आत लग्न लागलं. मामा नवरीमागं पाठराखण करत उभा होता आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता, की अक्षता त्याच्याकडून आल्या तेव्हा मला कपाळ सांभाळावं लागलं.

बायको घरात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं तांदूळ निवडायला घेतले. सूप मांडीवर घेऊन ओसरीत बसायची आणि खडे वेचून अंगणात टाकायची. अंगणात पुढे त्या खड्यांचा कट्टा झाला. आत्या शेजारी बसून नवलानं बघायची. “येवढं काय बघतीस गं त्येच्यात?” म्हणायची. पण भात मुकाट्यानं खायची आणि म्हणायची, “आता दात कशाला वापरायचं मी?” दोघींचं कसं जमलं, मला विचारू नका. एक सगळं निवडणारी, दुसरी काहीच नाही. मला मात्र एक माहीत आहे. बायकोला बाळंतपणात ताप आला, तेव्हा आत्या लोणावळ्याला आली ती चालत आली, आणि येताना डोंगरातला दिसेल तो पाला घेऊन आली. बायकोनं तो पाला आधी एकेक निवडून बघितला, आणि मगच काढा प्यायली. त्या पाल्यात गवती चहा होता, अडुळसा होता आणि थोडं वैरणीचं गवतही होतं. ताप उतरला.

मी हेडमास्तरांना हा सगळा वृत्तांत सांगितला. ते ऐकताना चष्मा पुसत होते. मग मी म्हटलं, “सर, आता सांगा. आत्याला तो शब्द लावायचा की नाही? भाऊबंदांनी मला निवडून बघितलं आणि ठेवून दिलं. हिनं बघितलंच नाही आणि नेलं. बायको न बघता घरात घेतली. मला आईबाप आणि बायको, दोन्ही मिळाली ती तिच्या न निवडण्यानं. यात ठपका कुठं आहे?”

हेडमास्तरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “शेवळांत आहे.”

त्यांचं बरोबर होतं. शब्द शेवळांना चपखल लागतो. तेव्हापासून वर्गात मी तो शब्द शिकवताना शेवळांचाच दाखला द्यायचो. वाक्यात उपयोग करा: रानातून फळं आणताना आमच्या आत्यानं इनडिस्क्रिमिनेट निवड केली. पोरं हसायची. शेवळं वगळून उरलेल्या आत्यासाठी इंग्रजीत शब्द सापडला नाही. मराठीतही एकच आहे, आणि तो आत्याच.

दर ज्येष्ठात घरी शेवळं होतात. मामा येतो. आता म्हातारा झालाय, पण त्या दिवशी नवलाख उंबऱ्याहून गाडी जुंपून येतो, कोणी बोलावो न बोलावो. पानावर बसतो, कालवणाकडे बघतो आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडतो, “पोरी, काकड कुनी आनलं?”

“मी आणलं, मामा. माझ्या हातानं.”

“बघून?”

“एकेक बघून.”

मग तो पहिला घास तोंडात ठेवतो आणि माझ्याकडे बघत गप्प बसतो. आम्ही सगळे हात आवरून वाट बघतो. आत्या, आता डोळ्यानं अधू, माझ्या शेजारी बसलेली असते. ती चाचपत कोणाच्या तरी पानातलं उचलते, बहुधा माझ्याच, आणि खायला लागते.